बारा तासांची सोबत
अल्ट्रामॅरेथॉन धावणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी

पुण्याच्या सूस, पाषाण, बाणेर या पट्ट्यात पहाटे पाचच्या आधी घराबाहेर पडलात, तर डोक्याला दिवा बांधून नांदे-लवळ्याच्या दिशेने धावणारे दोघे-चौघे हमखास भेटतात. पाच-दहा किलोमीटरपासून सुरुवात केलेला माणूस दोन-तीन वर्षांत एकवीस करतो, मग बेचाळीस, आणि एका रात्री जेवताना सांगून टाकतो, "या वर्षी बारा तास धावणार." घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कशाला?" त्याचं उत्तर धावणाऱ्यानेच द्यावं. दुसरा प्रश्न असतो, "मग आम्ही काय करायचं?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपेक्षा लांब ती अल्ट्रामॅरेथॉन. आपल्याकडच्या धावपटूंच्या तोंडी समुद्राकाठच्या दोन शर्यतींची नावं सतत असतात. पहिली मुंबई अल्ट्रा. दर वर्षी 15 ऑगस्टला दादरच्या शिवाजी पार्क परिसरात पहाटे पाच ते संध्याकाळी पाच ती चालते. दुसरी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स. समुद्रकाठचं डर्बन आणि डोंगरावरचं पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये ही सुमारे 87 ते 90 किलोमीटरची शर्यत होते आणि भारतातून शेकडो धावपटू तिकडे जातात. एका शर्यतीत बारा तास धावायचं, दुसरीत बारा तासांच्या आत पोहोचायचं. दोन्हीकडे सोबत करणाऱ्यालाही बारा तास उभं राहावं लागतं, आणि त्याची तयारी धावणाऱ्याइतकीच आधीपासून करावी लागते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेली वस्तू हातात घेऊन उभं असणं हेच सोबतीचं खरं काम. टाळ्या आणि घोषणा त्यानंतर.

आधी घरी बसून ठरवा

शर्यतीच्या दोन आठवडे आधी धावणाऱ्याला समोर बसवा आणि वही उघडा. चार गोष्टी लिहून घ्या: कुठे भेटायचं, अंदाजे किती वाजता, तेव्हा काय द्यायचं, आणि तुम्ही भेटला नाहीत तर त्याने काय करायचं. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. गर्दीत चुकामूक होतेच. "दिसलो नाही तर थांबू नकोस, पुढच्या ठिकाणी नक्की असेन," एवढं आधी बोलून ठेवलं, तर धावणारा मान वळवून शोधत बसत नाही.

वेळेचा अंदाज एका आकड्यात घेऊ नका. 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' अशा दोन वेळा लिहा. पहिल्या तीन तासांत दोन्हींत पाच-दहा मिनिटांचा फरक असेल, नवव्या तासाला तो पाऊण तासाचाही होऊ शकतो. उशीर झाला म्हणजे काहीतरी बिनसलंच असं नाही.

शर्यतीची नियमपत्रिका स्वतः वाचा. बाहेरच्या माणसाने कुठे मदत दिलेली चालते, कुठे नाही, हे प्रत्येक शर्यतीत वेगळं असतं. प्रेमापोटी भलत्या जागी दिलेल्या एका बाटलीमुळे धावणारा बाद होऊ शकतो. शेजारून सायकलवर किंवा गाडीतून साथ देणं तर बहुतेक रस्त्यावरच्या शर्यतींत, कॉम्रेड्समध्येही, चालतच नाही.

रंगीत तालीम करायची तर आपला सूस-नांदे रस्ता आहेच. एखाद्या रविवारी त्याची तीस-पस्तीस किलोमीटरची लांब धाव असेल, तेव्हा तुम्हीही पहाटे उठा. दोन जागा ठरवा, गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला लावा आणि शर्यतीत देणार तेच खाणं-पिणं तिथे द्या. 2021 साली सूस महापालिकेत आलं, बांधकामं वाढली, डंपर आणि मिक्सरची वर्दळ पहाटेपासून असते. म्हणून दोघांच्याही अंगावर चमकणारी पट्टी हवी आणि बाटली देताना तुम्ही रस्त्याच्या कडेच्याही आत उभं राहायला हवं. त्याच दिवशी आणखी एक काम करा: धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, त्याचं वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे प्यायलेलं पाणी सोडून साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर तो गरजेपेक्षा जास्त पाणी पितोय. हा आकडा वहीत हवा, त्याचं कारण पुढे येईल.

मुंबई : फेऱ्यांची शर्यत, दमट हवा

मुंबई अल्ट्रा सोबत करणाऱ्याला सोयीची आहे. धावपटू ठरलेल्या रस्त्यावर फेऱ्या मारतात आणि पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतात. त्यामुळे तुम्हाला धावपळ करावी लागत नाही. एक जागा पकडा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. जागा फेरीच्या सुरुवातीला किंवा शेवटी घेण्यापेक्षा जरा अलीकडे, कमी गर्दीत घ्या. ओळखायला पिवळी किंवा भगवी ओढणी, नाहीतर मोठा रंगीत फुगा उंच बांधा. दमलेल्या डोळ्यांना चेहरे दिसत नाहीत, रंग दिसतो.

खरी परीक्षा हवेची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पहाटेची हवा गार असते. ऑगस्टात मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि तो वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मध्येच पाऊस येतो, मग ऊन पडतं. म्हणून पुण्यातल्या वेगाने तो मुंबईत धावणार नाही हे तुम्हीही मनाशी धरून चाला.

15 ऑगस्टच्या सुट्टीला द्रुतगती मार्गावर आणि घाटात कोंडी होते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबई गाठा, दादर-माटुंग्यात मुक्काम करा. गाडीपेक्षा रेल्वे बरी, कारण पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात. परतीला धावणाऱ्याला गाडी चालवू देऊ नका.

तुमची स्वतःची सोयही बघा. दोघं-तिघं असाल तर तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा. घडीची खुर्ची, रेनकोट, पॉवर बँक, पोटभर डबा घ्या. छत्री शक्यतो नको, दाटीवाटीच्या रस्त्यावर तिची काडी धावणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते.

थांबा एका मिनिटाचा

शिवाजी पार्कला एका ताईंना मी आपल्या भावाची सोबत करताना पाहिलं. भाऊ लांबून दिसला तशी त्यांनी डाव्या हातात बाटली घेतली, उजव्या हातात सोललेल्या, मीठ लावलेल्या बटाट्याच्या दोन फोडी. तो पोहोचला. त्यांनी रिकामी बाटली काढून घेतली, भरलेली दिली, फोडी तळहातावर ठेवल्या. तो चावत असताना त्याचा चष्मा उतरवून कोरड्या फडक्याने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. "पुढच्या फेरीला मोजे बदलू," एवढंच बोलल्या. तो गेला. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. मग त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि मोज्यांची पिशवी वर काढून ठेवली.

यात शिकण्यासारखं सगळं आहे. वस्तू आधीच उघडलेली, सोललेली, झाकण सैल केलेली असावी. दमलेल्या, घामेजल्या बोटांनी पाकीट फाटत नाही. निर्णय तुम्ही सुचवावा, त्याने फक्त मान हलवावी. आणि पुढच्या भेटीत काय होणार हे आत्ताच सांगावं, म्हणजे त्याचं मन तिथपर्यंत पोहोचलेलं असतं.

पिशवीत काय हवं: दोन-तीन जोड कोरडे मोजे, प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बदलायचा टीशर्ट, व्हॅसलीन, कारण दमट हवेत काखा, मांड्या, छातीचा भाग काचून सोलवटतो, चिकटपट्टी, कात्री, निर्जंतुक सुई, छोटा टॉवेल, टोपी, बर्फाचा डबा. बर्फाचे खडे टोपीत किंवा गळ्याभोवतीच्या रुमालात बांधून दिले की मुंबईच्या दुपारी मोठा आधार होतो.

खाणं आणि पिणं

लांब धावताना शरीराला तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं किंवा एक मध्यम उकडलेला बटाटा यातून सुमारे 25 ग्रॅम मिळतात. म्हणजे तासाला असे एक-दोन घास-थांबे पुरतात, बाकी जेल किंवा साखरेचं पेय. गोड खाऊन सहा-सात तासांनी शिसारी येते. तेव्हा मीठ लावलेला बटाटा, पातळ मऊ भात, खारट पेज, कोकम सरबत या आपल्या गोष्टी उपयोगी पडतात. शेंगदाण्याची चिक्की चावायला जड आणि पचायला हळू, ती सुरुवातीच्या तासांतच बरी. एक नियम मात्र पक्का: रविवारच्या सरावात जे पोटाला मानवलं तेच शर्यतीत द्या. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणलेला लाडू शर्यत संपल्यावर.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खं पाकीट ओतू नका, अशाने मळमळ वाढते. आदल्या रात्री मोजून बाटल्या भरा.

पाणी पाजण्याचा आग्रह करू नका. "अजून घे, अजून घे" हा आपला पाहुणचार इथे घातक ठरू शकतो. तहानेपेक्षा बरंच जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियमचं प्रमाण उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते. हा धोका धावपटूंमध्ये पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो कॉम्रेड्समध्येच, 1981 सालच्या शर्यतीतल्या एका स्त्रीच्या आजारपणातून. टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकी डॉक्टर-संशोधकाने 1985 मध्ये तशा रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. तहान लागेल तसं प्यायचं, हा साधा नियम त्यातून आला. सरावातल्या वजनाचा आकडा वहीत ठेवायला सांगितला, तो यासाठी.

काय बोलावं

"आता थोडंच राहिलं" हे वाक्य वीस किलोमीटर शिल्लक असताना म्हणू नका. तो मनात हिशेब करतो आणि तुमच्यावरचा विश्वास एका वाक्यात जातो. "कसं वाटतंय?" हेही नको. नवव्या तासाला कुणालाच बरं वाटत नसतं, आणि ते शब्दांत सांगितलं की आणखी वाईट वाटतं. त्याऐवजी खरी, छोटी माहिती द्या. "बाबा, सत्तेचाळीस झाले. बारा मिनिटं हातात आहेत. पुढे पेज आहे." बस्स. काही सांगायचंच असेल तर काय दिसतंय ते सांगा: "खांदे सैल सोड", "पाऊल छान पडतंय". जे दिसत नाही त्याची खोटी तारीफ नको.

अनोळखी धावपटूंना नावाने हाक मारा. छातीवरच्या बिबवर नाव असेल तर वाचा. कॉम्रेड्सच्या बिबवर पहिलं नाव आणि आजवर मिळवलेल्या पदकांची संख्याही असते, त्यामुळे रस्त्याच्या कडेचं कुटुंब कुणालाही नावाने बोलावू शकतं. हजार जणांच्या कल्लोळात आपलं नाव ऐकू आलं की पाय उचलला जातो. मोबाइल पुढे करून सेल्फीसाठी थांबवू नका, पाठीवर थाप मारू नका, लहान मुलांना रस्त्याच्या मधोमध हात पुढे करून उभं करू नका.

"सोडू का?" असं तो विचारेल, हे गृहीत धरा. याचा करार घरीच करून ठेवा. नुसता कंटाळा, रडू, चिडचिड, पायांत गोळे असतील, तर आधी खायचं, प्यायचं, पाच मिनिटं बसायचं आणि चालत पुढच्या थांब्यापर्यंत जायचं. निर्णय तिथे. बहुतेक वेळा पोटात साखर-मीठ गेल्यावर तो प्रश्न पुन्हा येत नाही. पण खाली दिलेल्या खुणांपैकी एकही दिसली, तर निर्णय त्याचा नाही, तुमचा.

धोक्याच्या खुणा

बोलणं असंबद्ध होणं, झोकांडी जाणं, अंग तापलेलं असणं हा उष्माघात असू शकतो. धावणं ताबडतोब थांबवा, वैद्यकीय पथकाला बोलवा, आणि ते येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर भरपूर थंड पाणी ओता, मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पोट फुगणं, उलट्या, डोकेदुखी, गोंधळलेपण आणि बरोबरच भरपूर पाणी प्यायल्याचा इतिहास असेल, तर पाणी देणं थांबवा आणि थेट वैद्यकीय तंबूत न्या. किती आणि काय प्यायलं ते वहीत बघून डॉक्टरांना सांगा.

छातीत दुखणं, विश्रांती घेऊनही धाप न ओसरणं, चक्कर येऊन पडणं, कोलासारखी गडद लघवी होणं यातलं काहीही दिसलं तरी शर्यत तिथेच संपली. वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात.

डर्बनला निघाला असाल तर

कॉम्रेड्स 1921 साली सुरू झाली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या व्हिक क्लॅपम यांनी आपल्या सहकारी सैनिकांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. पहिल्या वर्षी 34 जण धावले, 16 पोहोचले. दिशा साधारणपणे आलटून पालटून बदलते. डर्बनहून वर जाणारी ती 'अप', पीटरमारित्झबर्गहून समुद्राकडे उतरणारी ती 'डाउन'. वाटेत आठशे मीटरहून उंच भाग लागतो. काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स हे पाच चढ प्रसिद्ध आहेत.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ही फेऱ्यांची शर्यत नाही. तो एकदा पुढे गेला की गेला. रस्ते पहाटेच बंद होतात, गाडीने पाठलाग करण्याच्या नादात दोन्हीकडून चुकामूक होते. म्हणून फार तर दोन जागा निवडा. 'अप'च्या वर्षी अर्ध्यावरचं ड्रमंड आणि मग शेवट. पॉली शॉर्ट्सचा चढ 'अप'मध्ये शेवटच्या टप्प्यात येतो, तिथे उभं राहणाऱ्याची खरी गरज असते, पण तिथून वेळेत शेवटच्या मैदानात पोहोचता येईल का हे त्या वर्षीच्या रस्तेबंदीचा नकाशा पाहूनच ठरवा. 'डाउन'च्या वर्षी उतारांनी मांड्या भरून येतात, त्यामुळे उत्तरार्धातली एक जागा जास्त मोलाची.

शर्यतीत खाण्यापिण्याचे थांबे भरपूर असतात. पाणी छोट्या सीलबंद पिशव्यांतून मिळतं. तिचा कोपरा दातांनी फाडून, धावता धावता पिळून प्यायची. हा सराव घरीच करून घ्या, आपल्याकडे पाण्याच्या पिशव्या मिळतातच. सवय नसेल तर निम्मं पाणी शर्टवर जातं. टाकलेल्या पिशव्यांवरून पाय घसरतो, हेही त्याला सांगून ठेवा.

सूसमध्ये घरीच राहून शर्यत पाहणार असाल, तर भारताची वेळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे हे लक्षात ठेवा. तिथे पहाटे साडेपाचला शर्यत सुटली, तर इथे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि बारा तासांनी रात्रीचे नऊ. शर्यतीच्या ॲपवर त्याचा ठिपका पुढे सरकला नाही म्हणून घाबरून त्याच्या बरोबरच्यांना फोनावर फोन करू नका. नोंद रस्त्यावर ठरावीक ठिकाणी अंथरलेल्या वेळ टिपणाऱ्या मॅटवरच होते, मधल्या वेळेत ॲप गप्प असतं. सोसायटीतल्या सगळ्यांच्या वतीने एकानेच तिथल्या एका माणसाशी संपर्क ठेवायचा, बाकीच्यांना त्याने कळवायचं.

पीटरमारित्झबर्गला वेळ मिळाला तर रेल्वे स्थानक बघून या. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं ते हेच स्थानक. मात्र हे शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी पायांना फिरवू नका.

शेवटचा तास

आपला माणूस लवकर पोहोचला तरी जागा सोडून जाऊ नका. कॉम्रेड्समध्ये बारा तास पूर्ण होताच बंदूक उडते. पंच रेषेकडे पाठ करून ती उडवतो आणि वाट बंद होते. एका सेकंदाने उशीर झालेल्याला पदक नाही. शेवटच्या अर्ध्या तासात येणारे लोक सर्वांत जास्त वेळ उन्हात राहिलेले असतात. मुंबईतही चार ते पाच हा तास सर्वांत अवघड. पुढे धावणाऱ्यांना टाळ्या मिळतातच, तुमचा आवाज या मागच्यांसाठी राखून ठेवा.

पोहोचल्यावर लगेच बसवू नका, दहा मिनिटं सावकाश चालवा. ओले कपडे बदला, अंगावर काहीतरी पांघरा, घोट घोट खारट पेय द्या, तासाभरात खायला द्या. रात्री झोप लागणार नाही, जिने उतरताना कुणीतरी पुढे असू द्या.

शर्यत अर्धवट सोडावी लागली असेल, तर त्या दिवशी कारणमीमांसा नको. "पुढच्या वर्षी जमेल" असंही लगेच म्हणू नका. "मी तुझ्याबरोबर आहे, आधी जेवू या," एवढं पुरे. आणि पूर्ण केली असेल तरी चार-पाच दिवसांनी एक रितेपण येतं, तेव्हा त्याला पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगू द्या, ऐकून घ्या.

आठवड्याने ती वही दोघांनी मिळून उघडा. कुठे वाट बघावी लागली, काय खाल्लं गेलं नाही, कोणती वस्तू उगाच वाहून नेली, हे समासात लिहा. तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत पुढचा कुणीतरी तयारीला लागलेला असेलच. त्याच्या घरच्यांना ती वही वाचायला द्या, आणि त्याच्या शर्यतीत तुमची एक तीन तासांची पाळी आधीच नोंदवून ठेवा.